मोठेबाबांना एकही नाव पसंत नव्हतं

नरखेडच्या शाळेत माझा तास चालू असताना हेडमास्तरांनी बोलावून तार हातात दिली. मोठेबाबा गेले. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी रागच आला. आदल्याच रविवारी या माणसानं नागपूरच्या घरी मला दोन तास रंगांचं शेड कार्ड वाचायला लावलं होतं. समोरची खोली पुन्हा रंगवायची होती आणि कार्डातलं एकही नाव त्यांना पसंत नव्हतं. "पुढच्या ऐतवारी पाहू," म्हणाले, आणि तो ऐतवार यायच्या आत निघून गेले...

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा मिलमध्ये पाळ्या करून त्यांनीच मला शिकवलं. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला, आणि त्याची शिक्षाही मीच भोगली. तोवर आमच्या भिंतींना चुन्यात नीळ घालून हात मारायचे. शहात्तरच्या सुमारास माझं लग्न ठरलं, तेव्हा पहिल्यांदा डिस्टेंपर आणायचं ठरलं. रंग निळाच हवा, यात वाद नव्हता. बाबासाहेबांच्या मागं धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घराला दुसरा रंग माहीत नव्हता. पण इतवारीतल्या दुकानात मोठेबाबा रंगाकडे बघेनातच. "नाव वाच," एवढंच.

"रॉयल ब्लू. म्हणजे राजेशाही निळा."

"नको गा. राजाचं काय काम आपल्या घरी?"

"नेव्ही ब्लू. आरमाराचा."

"लढाईले जाऊन राहिलो का आपण?"

"मिडनाइट ब्लू," मी दात-ओठ खात सांगितलं, "मध्यरात्रीचा."

"काहून? दिवसा रंग दिसत नाही काय त्यायले?"

दुकानदार कपाळाला हात लावून बसला. शेवटी मी 'मॉर्निंग ग्लोरी' वाचलं. ते एका वेलीच्या फुलाचं नाव आहे, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! मी ठोकून दिलं, "सकाळचं वैभव." मोठेबाबांचा चेहरा उजळला. डबे घरी आले, भिंत वाळली आणि चक्क जांभळी निघाली. सोयरे घर बघायला आले, तर त्यांच्यातली एक आत्या सगळ्यांदेखत मोठ्या मायला, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोला, म्हणाली, "काहून वं, वांग्याच्या रश्श्यानं रंगवलं काय घर?"

पाहुणे गेल्यावर मी भडकलो. "रंग डोयानं पाहाचा असते, मोठेबाबा! नावाशी काय घेणंदेणं?"

त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तुहं नाव प्रकाश, तुले काय समजन! माह्या आधीचे तीन लेकरं गेले, म्हणून मायनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं अन् नाव ठेवलं कचरू. जगलो त्याच्यानं, असन. पण मिलमध्ये रोज हाजरीले ते नाव पुकारलं का सारं खातं हासे..."

तरी मी मनातून चिडलेलाच होतो. दीक्षेनंतर घरातल्या सगळ्या पोरांची नावं त्यांनी बदलली होती, माझंसुद्धा. स्वतःचं तेवढं राहून गेलं. मिलच्या रजिस्टरात बदलत नाही म्हणे. जांभळी भिंत मात्र पोपडे धरेपर्यंत कोणाला हात लावू दिली नाही. असा हट्टी माणूस!

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या आठवणीतल्या वंदनेच्या, आदल्या दिवशी त्यांचा फोटो मढवून आणला. खाली नाव लिहायचं होतं. मी पेंटरला सांगायला तोंड उघडलं, तोच मोठी माय म्हणाली, "ते नको लिहू गा. त्यायले कधीच आवडलं नाही."

"मग कोणतं लिहू?"

"मले काय पुसतं? शिकलेला तू आहेस."

आता महिना होत आला. फोटो त्याच जांभळ्या भिंतीवर आहे आणि खालची जागा कोरी आहे. स्वतःसाठी एखादं नाव सांगून ठेवायला काय झालं होतं, म्हणून मी अजून त्यांच्यावर चरफडतो. मग आठवतं... सगळ्या रंगांची नावं मी त्यांना वाचून दाखवली, येत नव्हते ते अर्थही ठोकून दिले. तुम्हाला कोणतं नाव हवं होतं, हे मात्र एकदाही विचारलं नाही.