वालाचं शेत मोकळं राहिलं त्या वर्षी

किन्हवलीत बसस्टँडच्या मागे माझं शिलाईचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांतल्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या जर्सींवर नंबर शिवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडेच येतं. त्यामुळे कुठल्या टीममध्ये कोण नवी आली, कुणाचं लग्न ठरलं म्हणून ती गळाली, कोण गुडघा दुखावून घरी बसली, हे मला मॅचच्या आधीच कळतं. एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ झालो. पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवर माणसं बसतात, चहा मागवतात आणि विचारतात, यंदा कोण कुठपर्यंत जाणार? मी तोंडात टाचण्या धरून उत्तर देतो. उत्तर सहसा चुकत नाही, आणि याचा मला थोडा माजही आहे.

आमच्याकडे या स्पर्धेची रीत जरा वेगळी आहे. साखळी सामने पावसात होतात, शाळांच्या मैदानांवर. तेव्हा सगळा चिखल, पडलं तरी लागत नाही. मग भातकापणीला सुट्टी. दिवाळीनंतर उरलेले साखळी सामने, आणि मार्गशीर्षात पहिल्या चार टीमची बाद फेरी. तोवर शाळेची मैदानं वाळून नुसता मुरूम होतात, म्हणून बाद फेरी कापलेल्या भातशेतात खेळायची. साखळीत जे गाव पहिलं येईल, त्याच्या शेतात.

गोची इथेच आहे. भात कापलं की जमिनीत ओल आहे तोवर वाल टाकावा लागतो. आठवडाभर थांबलं तरी पीक गेलं म्हणून समजा. आणि साखळीत पहिलं कोण, हे कळतं वाल उगवून वर आल्यावर. म्हणजे आपलं गाव पहिलं येईल असं ज्याला वाटतं, त्याने कुणीतरी आधीच वाल न टाकता शेत मोकळं ठेवायचं. पायरीवर बसून अंदाज सांगायला काहीच लागत नाही. वर्षाच्या वालावर पाणी सोडून अंदाज सांगायचा म्हटलं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

त्या वर्षी माझ्या पुतणीचा हा शेवटचा मोसम होता. ती आमच्या गावच्या टीममध्ये बचावाला खेळायची. कॉलेज झालं होतं, लग्न ठरलं होतं, माघात बार उडणार होता. मुलगा म्हशाच्या अलीकडच्या, मुरबाड तालुक्यातल्या एका गावचा. त्या गावाचीही मुलींची टीम होती, चांगली तगडी. पण तिकडे काय नि आमच्याकडे काय, लग्न झालेली बाई बॉलला पाय लावताना कुणी पाहिली नव्हती. जे काही खेळायचं ते माघाच्या आत, हे तिला माहीत होतं. बाद फेरी आपल्या गावात व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं. कारण तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिची एकही मॅच बघायला कधी आला नव्हता. गुरं सोडून दादा परगावी जात नाही. फुटबॉलला तो लाथाळी म्हणायचा. गावातच मॅच असली तर बांधावर तरी येऊन बसेल, असा तिचा हिशेब.

पायरीवर मला विचारलं तेव्हा मी साफ सांगून टाकलं, की आपलं गाव तिसरं येईल. आपली गोलकीपर नवी आहे, उंच बॉलला डोळे मिटते. पहिला नंबर शहापूरजवळच्या एका टीमचा. हे पुतणीच्या कानावर गेलं. ती नंबर शिवून न्यायला आली तेव्हा माझ्याशी नेहमीसारखं बोलली नाही, पिशवी उचलली आणि गेली. मला राग आला. आता खोटं बोलायचं होतं का मी?

कापणी झाली. वाटेवरच्या सगळ्या खाचरांत वाल पडला, कुठे हरभरा पडला. एके दिवशी मी घरी जाताना बघतो तर दादाचं ओढ्याकडचं शेत तसंच. बाबांनी मधले बांध काढून सलग केलेलं, गावातलं सगळ्यात मोठं शेत. दादा त्यात वाकून कुदळीने धसकटं काढत होता. मी आधी घाबरलो, बरंबिरं नाही की काय. विचारलं तर म्हणाला, ठेवलंय मोकळं. घरी वहिनी माझ्यावरच उखडली, जणू मीच शिकवलं होतं. वर्षभराच्या वालाच्या बिरड्याचं काय, पाहुण्यांच्या पानात काय वाढायचं, लग्नघर आहे. तिचं खोटं नव्हतं. मी दादाला समजावलं की आपण पहिले येत नाही, येऊच शकत नाही, अजून ओल आहे, टाक वाल. त्याने ऐकून घेतलं आणि परत वाकला. पुढचे कितीतरी दिवस तो ते शेत खळ्यासारखं चोपत होता. पायरीवर लोक हसले, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो.

दिवाळीनंतर शेवटचे सामने झाले. आमचं गाव तिसरं आलं. पण शहापूरजवळच्या टीमच्या दोन मुली नोकरीला लागल्या, ती टीम ढेपाळली, आणि पहिलं आलं ते मुरबाडकडचं गाव, पुतणीचं होणारं सासर. त्यांनी स्वतःसुद्धा हे धरलं नव्हतं. गावभर बांधापासून बांधापर्यंत वाल, हातभर वाढलेला. एकानेही वीतभर जागा सोडली नव्हती. शहापूरजवळच्यांनी एक शेत ठेवलं होतं, पण आपला पहिला नंबर येत नाही असं दिसल्यावर त्यात भाजीपाला करून टाकला. स्पर्धेच्या माणसांनी गावोगाव फोन लावले. सगळ्या पंचक्रोशीत मोकळं शेत निघालं एकच, आणि ते दादाचं.

बाद फेरी आमच्याकडे आली. लोक म्हणू लागले, खरा जाणकार हा थोरला, धाकटा नुसता टाचण्या चघळतो. मलाही वाटलं, याने ओळखलं तरी कसं? मी विचारलंच.

"वलखायचं काय त्यात?" दादा म्हणाला. "ती बोलली, बाबा, शेत ठेवा. ठेवलं."

मला चिंधीएवढी किंमत उरली नाही, पण त्या क्षणी राग नाही आला. इतकी वर्षं मी कोण जिंकणार ते सांगत आलो. कुणाच्या बाजूने उभं राहायला मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी आपणहून राहिलो नव्हतो.

चिठ्ठ्या टाकल्या तर आमची सेमीफायनल तिच्या सासरच्या गावाशीच पडली. दादा सकाळपासून बांधावर होता, धुतलेला सदरा घालून. पहिला बॉल तिच्या पायाला लागला तसा तो उठून उभा राहिला आणि मॅच संपेपर्यंत बसला नाही. माझ्या मागच्या माणसांनी विचारलं, काय, कोण जाणार पुढे? मी म्हटलं, आपण. आयुष्यात पहिल्यांदा मी माहीत असून चुकीचं सांगितलं. शेवटाकडे एक उंच बॉल आला, आमच्या गोलकीपरने डोळे मिटले आणि आम्ही एका गोलने हरलो. पुतणी थोडा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मग तिकडच्या मुलींना जाऊन भेटली. त्यांच्यातली एक तिला वहिनी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती पण हसली, पण तोंडावरचा घाम पुसायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

ऊन उतरल्यावर सगळे पांगले. मी आणि दादा गोलचे बांबू उपटत होतो. दादा मध्येच थांबला. इतक्या वर्षांत त्याने मला टीमबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"तुला त्यातलं कलतं म्हनून इचारतो," तो म्हणाला. "तिकडं हिच्यासाठी शेत मोकळं ठेवील, असा कोन हाय का रे?"

पायरीवरच्या माणसांना मी कधी माहीत नाही असं म्हटलेलं नाही. दादाला मात्र म्हणालो, माहीत नाही. त्याने मान हलवली आणि बांबू खांद्यावर घेतला.

तिच्या लग्नाचे ब्लाउज मीच शिवले. तिची जर्सी माझ्याकडेच पडून होती, पाठीवरचा नंबर उसवत आलेला. त्याला चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली आणि घडी करून ब्लाउजांच्या पिशवीत तळाशी ठेवली.