तळमजल्यावरची कोरी खोली

कॉलेजच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा पहिल्यांदा टेबलावर पसरला तेव्हा आम्ही चौघंच होतो. प्राचार्य मॅडम, इमारतीचे नकाशे काढणारी आर्किटेक्ट, रुग्णसेवेचा कोर्स चालवणाऱ्या सिस्टर आणि मी. मी टीव्ही-रेडिओची दुरुस्ती शिकवायचो. नकाशात प्रत्येक खोलीवर नाव होतं. पहिल्या मजल्यावर शिवणकाम, त्याच्या शेजारी कॉम्प्युटर, मागच्या अंगाला नवी लिफ्ट, गच्चीवर सोलर. तळमजल्यावर आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला इमारतीतली सगळ्यात मोठी खोली आहे. ते माझं वर्कशॉप. नकाशातला तो चौकोन मात्र कोरा होता.

"इथे नाव राहिलंय," मी बोट ठेवून म्हटलं.

आर्किटेक्टने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चहाचा कप उचलला. सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या, जिथे समोरच्या सोसायटीच्या भिंतीशिवाय बघण्यासारखं काही नाही.

"ते ठरायचंय अजून, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी शीट वर ओढली.

आमचं कॉलेज मुलुंडला आहे. एका ट्रस्टचं, लहानसं. डिग्रीबिग्री नाही. दहावीला अडकलेले, मधेच शाळा सुटलेले, मुलं मोठी झाल्यावर घराबाहेर पडलेल्या बायका, अशांनी वर्षभरात हाताला काम लागेल असं काहीतरी शिकावं म्हणून ते काढलं. मी तिथे आलो तेव्हा माझे केस काळे होते आणि वर्कशॉपमध्ये उभं राहायला जागा नसायची. टीव्ही उघडून बसलेली पोरं, सोल्डरिंगचा वास, कोपऱ्यात एकावर एक रचलेले डबडे टीव्ही. भांडुप-विक्रोळीच्या कितीतरी गल्ल्यांमध्ये माझ्या हाताखालून गेलेल्यांची दुकानं होती. रस्त्यात कोणीतरी हाक मारायचं, "सर, चहा घ्या ना!" आणि मी घ्यायचो.

मग टीव्ही चपटे झाले. पॅनल गेलं की लोक टीव्हीच बदलतात, दुरुस्त कोण करतो? दुकानवाल्यांनी मोबाइलची कव्हरं लावली, कोणी रिक्षा घेतली. मी शिकवायचो ते खोटं नव्हतं, पण बाहेर त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरी दर मे महिन्यात मी पत्रकं घेऊन निघायचो. नाहूर स्टेशनबाहेर उभा राहायचो, भांडुपच्या चाळींतून फिरायचो, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचो, "कोणी आहे का रे तुझ्याकडे?" ॲडमिशनचा शेवटचा दिवस जवळ आला की मला जेवण जायचं नाही. बॅच कशीबशी भरली की वर्षभर निभायचं आणि पुन्हा मे यायचा.

एकदा एका मुलाची आई फॉर्म भरता भरता थांबली आणि म्हणाली, "सर, हे शिकून ह्याला काम मिळेल ना?" मी म्हटलं, "शिकलेलं वाया जात नाही." ती मान हलवून सही करून गेली.

सिस्टरांचं बरोबर उलटं होतं. त्या मूळच्या जालन्याकडच्या, महापालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर होऊन आमच्याकडे आल्या. घरोघरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बाई हवी, माणसं पुरवणारे ब्यूरोवाले रोज फोन करतात, त्यामुळे त्यांच्या कोर्सला रांग. पण त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीही लहान. दोन पलंग टाकले की भिंत लागायची. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं, हे अर्ध्या बायका पॅसेजमध्ये चटईवर शिकायच्या. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळायचाच नाही, म्हणून त्यांनी तो वर नेणंच सोडून दिलं होतं. तो माझ्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभा असायचा आणि स्ट्रेचरचा तास असला की सगळ्या बायका खाली यायच्या.

आम्ही दोघं दुपारचा डबा एकत्र खायचो. बरीच वर्षं. त्यांचा ठेचा माझ्याकडे आणि माझ्याकडची सुक्या जवळ्याची चटणी त्यांच्याकडे, असा आमचा रोजचा व्यवहार. त्या मीटिंगनंतर मात्र सिस्टर डबा घेऊन खाली येईनाशा झाल्या. एकदा म्हणाल्या, आज उपास. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जेवून आले. मी समजायचं ते समजलो. खोली त्यांना मिळणार, आणि ते माझ्या तोंडावर सांगायची वेळ येऊ नये म्हणून त्या टाळताहेत. शिवणकामाच्या बाई मला जिन्यात बघून उगाच हसायच्या. शिपाईसुद्धा अचानक माझ्याशी फार मऊ बोलायला लागला. आजारी माणसाशी बोलतात तसं.

मला राग यायला हवा होता. पण आत नुसता एक जुना ओळखीचा ताण होता, आणि तो कुठून ओळखीचा आहे ते मला एका रात्री जेवताना आठवलं.

माझे वडील गिरणीत होते. संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. संप संपला असंही कोणी म्हटलं नाही आणि गिरणी बंद झाली असंही त्यांना कोणी तोंडाने सांगितलं नाही. गेटला नुसतं कुलूप होतं. आम्ही तेव्हा विक्रोळीच्या चाळीत राहायला आलो होतो. बाबा कधी वॉचमनचं काम धरायचे, कधी भाजीच्या गाडीवर मदत करायचे, पण कुठे टिकायचे नाहीत. विक्रोळीच्याच एका कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती, तीही त्यांनी घेतली नाही. आई भांडली तेव्हा म्हणाले, "अगो, गिरणी चालू होतली. बोलावल्यानी आणि मी हंय अडाकलंय, तर?" असं म्हणत त्यांची उमेदीची वर्षं गेली.

शेवटी एकदा ते कोणाच्या तरी लग्नाला गिरणीकडच्या भागात गेले आणि बघतात तर गेटच नाही. गिरणीच नाही. नुसता मोठा खड्डा आणि कडेने पत्रे. आम्हाला वाटलं, आता हे अंथरूण धरणार. पण बाबा घरी आले, हातपाय धुतले, आणि आईला म्हणाले, "सुटलंय गो, एकदाचो सुटलंय." पुढच्याच महिन्यात त्यांनी एका हाऊसिंग सोसायटीत काम धरलं आणि हातपाय चालत होते तोवर तिथेच टिकले. तेव्हा मला त्यांचं वागणं विचित्र वाटलं होतं. सगळं गेलं त्या दिवशी माणसाला बरं कसं वाटतं?

हे मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मग तुम्ही कसली वाट बघताय?"

"म्हणजे?"

"अहो, सगळे तुमच्याकडे बघून गप्प बसलेत. तुम्हाला सांगायची कोणाची टाप नाही. आणि दर मे महिन्यात माझी वाट लागते ते वेगळंच. चार माणसांत हसून बोलायची सोय नसते तुमच्याशी. तुम्हीच बोला आणि मोकळे व्हा ना."

"आणि मी काय करणार मग?"

"ते त्यांना विचारा. मला काय विचारता?"

पुढची मीटिंग शनिवारी होती. नकाशा तोच, चौकोन तसाच कोरा. लिफ्ट आधी की गच्चीची गळती आधी, यावर बोलणं चाललं होतं. मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो होतो. मग मला वाटलं, अजून थोडा थांबलो तर हिंमत जाईल, म्हणून मधेच बोललो.

"मॅडम, माझा कोर्स बंद करू या. ही बॅच पूर्ण होऊ दे, पुढची घ्यायची नाही. आणि ती खोली रुग्णसेवेला द्या."

मॅडमनी चष्मा काढला. त्या एवढा लांब श्वास सोडतील असं मला वाटलं नव्हतं.

"सर, मी तीन वेळा तुमच्या वर्कशॉपच्या दारापर्यंत येऊन परत गेले," त्या म्हणाल्या. "कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

मी हसलो. खरंच हसू आलं. पण सिस्टर हसल्या नाहीत. त्या तावातावाने माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला?"

"मोठेपणा कसला? खोली तुम्हालाच मिळायला हवी."

"मला नको होती! विचारा मॅडमना. ह्यांनी माझ्या कोर्सचं नाव घातलं होतं तिथे. मी म्हटलं, पुसा ते. सरांना उठवून मी तिथे बसणार नाही. तिसऱ्या मजल्यावर मेले तरी चालेल."

मी आर्किटेक्टकडे बघितलं. तिने मान डोलावली. सिस्टरांनी नाव पुसायला लावलं, आणि माझं लिहायचं तर ते खोटं झालं असतं, म्हणून मॅडमनी तिला जागा कोरी सोडायला सांगितली होती. आणि मी इतके दिवस समजत होतो की माझ्या पाठीमागे सगळं ठरून गेलंय.

"मग डबा खायला का येत नव्हता?" मी विचारलं.

"समोर बसले असते तर तोंडातून निघून गेलं असतं," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुमच्यासमोर मला काही लपवता येतं का?"

मॅडमनी चहा सांगितला. आर्किटेक्टने पेन काढलं आणि त्या चौकोनात 'रुग्णसेवा' लिहिलं. ते वाचताना काहीतरी तुटेल म्हणून मी सावध बसलो होतो. काही तुटलं नाही. उलट खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि मला एकदम कडकडून भूक लागली. बाहेर पडल्यावर मी सिस्टरांना घेऊन नाक्यावर गेलो आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या मिसळ खाल्ली.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला अजून नवलाचं वाटतं. मॅडमनी मला आराखड्याच्या कामाला जोडून दिलं. इतकी वर्षं माझा सगळा विचार पुढच्या जूनपर्यंतच पोचायचा. आता मी आर्किटेक्टबरोबर फूटपट्टी घेऊन फिरत होतो आणि दहा वर्षांनी इथे कोण येईल, काय शिकेल, यावर वाद घालत होतो. प्रत्येक पलंगाशेजारी प्लग पॉइंट किती उंचीवर हवा, ऑक्सिजनचं मशीन आणि कफ ओढायचं सक्शन एकदम चाललं तर लाइन पेलेल का, व्हीलचेअर वळायला दारापाशी किती जागा लागते. सिस्टर स्वतः व्हीलचेअरवर बसून मला ढकलायला लावायच्या. "अरे, सर, भिंत! भिंत!" म्हणून ओरडायच्या आणि पॅसेजमधल्या बायका हसून हसून खाली बसायच्या.

शेवटच्या बॅचला मी जीव तोडून शिकवलं, आणि त्यांना खरं ते सांगितलं, की नुसत्या टीव्हीवर पोट भरणार नाही. मग इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, घरातलं वायरिंग, जे आज चालतं ते वाढवून घेतलं. सगळे कुठे ना कुठे लागले. एकजण तर आमचीच नवी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागला. जुने डबडे टीव्ही भंगारवाल्याने नेले तेव्हा मी दारात उभा होतो. एक ठेवून घ्यावा असं क्षणभर वाटलं. मग विचार केला, कुठे ठेवणार, आणि दिला.

त्या मे महिन्यात मी पत्रकं वाटली नाहीत. बायको आणि मी गावी गेलो. सकाळी उठून ओसरीवर नुसता बसायचो. फोन वाजला तर वाजू द्यायचो.

आता त्याच खोलीत रुग्णसेवेच्या बायकांना आठवड्यातून एक दिवस मी शिकवतो. विजेचं मशीन सुरू करण्याआधी काय बघायचं, पिन ढिली असली तर काय करायचं, लाइट गेली तर पेशंटचं आधी काय. बायका प्रश्न फार विचारतात. एक तर माझ्याच वयाची आहे. तिने परवा मला विचारलं, "सर, हे एवढं शिकल्यावर काम मिळतं ना नक्की?"

"मिळतं," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणेपर्यंत फोन येतील."

आराखडा अजून पुरा झालेला नाही. लिफ्टला महापालिकेची परवानगी मिळाली, गच्चीचं काम अडकलंय, सोलरचं बोलणंच चाललंय. तो पुरा होईल तेव्हा मी रिटायर झालेला असेन. मॅडम परवा म्हणाल्या, सर, तुम्ही असायला हवे होतात तेव्हा. मी म्हटलं, उद्घाटनाला बोलवा, मी येऊन तळमजल्यावरच्या खोलीत मागच्या रांगेत बसतो. तिथून सगळी खोली नीट दिसते.