रणगाड्याचा नवस

माझ्या सासूबाईंचा लोखंडावर फार विश्वास होता. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरकडून लष्कर आलं, ते आमच्या तामलवाडीवरून तुळजापूरकडे गेलं. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण ती हकिगत त्यांनी मला इतक्यांदा ऐकवली की मीही रस्त्याकडेला उभी होते असं वाटायला लागलं. पट्ट्यांवर चालणारे रणगाडे धूळ उडवत आले, त्यातला एक जरा थांबला, तशा या धिटाईनं पुढं झाल्या आणि त्याला हळदीकुंकू लावलं. वाटेत कुणी फारसं अडवलंच नाही, त्यामुळं त्या गाड्यांना ओरखडाही आला नाही. सासूबाईंनी त्याचा अर्थ असा घेतला की त्या लोखंडाला काही होतच नाही.

म्हणून धाकटा मुलगा, म्हणजे माझा दीर, फौजेत गेला आणि वर्षभरानं सुट्टीवर येऊन 'मला रणगाड्यावर घेतलं' म्हणाला, तेव्हा त्यांनी गल्लीत साखर वाटली. शेजारणीचा मुलगा साध्या पलटणीत होता. विहिरीवर सगळ्यांदेखत सासूबाई तिला म्हणाल्या, "तुझा उघड्यावर हाय बाई, माझा लोखंडाच्या घरात बसलाय." ती बिचारी घागर उचलून निघून गेली. मला त्यांचा असा राग आला होता! पण मी सून. 

तरीही आईचं मन, नवस बोलून ठेवलाच. लेक जिवंत परत आला तर नवरात्रात तुळजापूरला भवानीआईच्या दारात त्याच्या हातानं पोत पाजळायचा. आमच्याकडं हा नवस घरोघर बोलतात. जुन्या कापडाचा घट्ट पीळ वळायचा, तेलात भिजवायचा, पेटवायचा आणि तो जळता पोत हातात घेऊन देवीपुढं उभं राहायचं.

पुढं पाकिस्तानशी लढाई जुंपली. पंचायतीच्या रेडिओपाशी गर्दी व्हायची. आपल्या जुन्या रणगाड्यांनी त्यांचे नवे कोरे रणगाडे फोडले, अशा बातम्या यायच्या आणि ज्यांनी जन्मात बैलगाडीपलीकडं काही हाकलं नाही ती माणसं चिलीम ओढत लोखंडाची जाडी सांगायची. लढाई थांबली आणि मग आम्हाला कळलं की दीर पुण्याला लष्करी दवाखान्यात आहे. आमचे हे जाऊन बघून आले. "भाजलाय, पण वाचलाय," एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "वाचला न्हवं? मग झालं. आईनं राखला."

बऱ्याच महिन्यांनी तो घरी आला. मानेची डावी बाजू आणि कान भाजून आकसलेले. दोन्ही हातांची कातडी पातळ, गुलाबी आणि चकचकीत, आणि उजव्या हाताची बोटं पुरती उघडत नव्हती. गावानं हार घातले, शाळेतली मुलं घोषणा देत पुढं चालली. मग रोज कुणी ना कुणी ओट्यावर यायचं आणि एकच विचारायचं, "त्यांची गाडी भारी का आपली?" तो म्हणायचा, "आपली." लोक खूश होऊन चहा पिऊन जायचे. चहा मी करायचे. एकेकाच्या डोक्यावर ओतावा असं वाटायचं.

दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून सकाळी मी त्याच्या हातांना खोबरेल तेल लावून बोटं हलकेच मोकळी करायचे. असंच एकदा तेल लावताना मी विचारलं, "भावजी, खरंच आपली गाडी भारी होती?"

 तो हातांकडं बघतच म्हणाला, "न्हाय वैनी. समोरनं त्यांची लई जाड. समोरनं मारलं तर आमचा गोळा टणकन उडून जायचा. पर बाजू पातळ. तिथं बी ऊसच हुता, आपल्या ढोकीकडं असतो तसा. शिवार पाण्यानं भिजलेलं, त्यांच्या गाड्या चिखलात रुतायच्या. आमी उसात दडायचो आन् बाजू दिसली की हाणायचो. ज्यानं आदी बघितलं त्यो जगला. बाकी सगळ्या बाता."

"मग तुम्हाला कसं लागलं?"

"आमाला कुणीतरी आदी बघितलं."

मग तो सांगत गेला आणि मी हात धरून ऐकत राहिले. गोळा बाजूनं आत आला. बाहेरून भोक एवढंसं, मूठ जाईल इतकं. बाहेरून बघणाऱ्याला गाडी धडधाकटच दिसते. पण आत त्या जाड लोखंडाच्याच कपच्या उडतात, आणि आपले गोळे मांडीला मांडी लावून रचलेले असतात, तेच पेटतात. जे लोखंड बाहेरचं बाहेर ठेवायला असतं, तेच मग आतल्याला बाहेर पडू देत नाही.

"पुढं खाली गाडी चालवणारा बसतो," तो म्हणाला. "त्याच्या डोस्क्यावर झाकण. आमची तोफ नेमकी त्या झाकणावर येऊन थांबली हुती. तोफ बाजूला केल्याबिगर झाकण उघडत न्हाय. आन् तोफ फिरवणारा म्या. वीज गेल्ती. हातानं फिरवायचं एक चाक असतंय. म्या फिरवलं, वैनी. फिरवत हुतो. मग हातच पेटलं. वर बसलेल्या आमच्या साहेबानं मला काखंत धरून वढून काढलं."

"आणि खालचा?"

"त्यो खालनं झाकणावर ठोकत हुता."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मला रडू आलं नाही, संताप आला. हार घालणाऱ्यांचा, रेडिओचा, सगळ्यांचाच. तो म्हणाला, "आईला सांगू नगा. तिला वाटतंय लोखंडानं राखलं. वाटू द्या." मी कबूल केलं.

पण नवरात्र जवळ आलं आणि सासूबाईंनी जुनी लुगडी फाडून पोत वळायला घेतला.  हा माणूस चुलीपाशी बसत नव्हता, आंघोळीला गरम पाणी घेत नव्हता, खोलीचं दार कुणी लावलं तर घामानं निथळायचा. याच्या हातात जळता पोत द्यायचा? मी आडून आडून म्हटलं, "आत्याबाई, पोताऐवजी आईला साडीचोळी नेसवू या. ओटी भरू या."

"नवस म्हंजी काय बाजार हाय व्हय अदलाबदल करायला?" त्या कडाडल्या. "आईनं माजं लेकरू दिलं. त्याच्या हातानं म्हणले म्हंजी त्याच्याच हातानं."

मी दिराकडं गेले. तो म्हणाला, "आईचं मन मोडू नगा. चिंधी तर हाय, वैनी. किती जळायची?"

तुळजापुरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, संबळाचा आवाज, कुंकवाचा चिखल, आणि जिकडंतिकडं पेटलेले पोत. उन्हं कलली होती. सासूबाईंनी पोत पेटवून त्याच्या हातात दिला. त्यानं तो घट्ट धरला आणि अगदी सरळ उभा राहिला. मला वाटलं, निभावलं. मग पेटतं तेल त्याच्या बोटांवर ओघळायला लागलं आणि तरी त्यानं हात हलवला नाही. कातडी मेलेली, त्याला कळतच नव्हतं. त्याचे डोळे मात्र जाळावर खिळले होते. अंग थरथरायला लागलं. मोकळा हात तो गोल गोल फिरवायला लागला, जोरात, घाईनं, आणि ओरडला, "निघ! निघ भाईर! फिरतंय, फिरतंय, निघ!"

"आई आली!" कुणीतरी किंचाळलं. "अंगात आली!" बघता बघता भोवती कडं झालं. 'आई राजा उदो उदो' असा गजर झाला. संबळ त्याच्या हाताच्या तालावर वाजू लागला. बायका त्याच्या पायावर पडायला लागल्या, कुणी कपाळाला मळवट भरला, कुणी विचारलं, "आई, माज्या घरावर कोण करणी करतंय, भाईर निघ कुणाला म्हंती?" आणि माझ्या सासूबाई हात जोडून रडत उभ्या होत्या, आनंदानं. आपल्या लेकाच्या अंगात साक्षात भवानी आली म्हणून.

त्या एवढ्या गर्दीत तो काय फिरवतो आहे हे फक्त मला ठाऊक होतं. मी बायकांना ढकलत आत घुसले, त्याच्या मुठीतून पोत ओढून काढला आणि खाली मातीत दाबून विझवला. देवीच्या दारात, तिच्या नवरात्रात. लोक शिव्या द्यायला लागले. सासूबाईंनी खाडकन माझ्या मुस्काटात मारली. "नवस मोडलास! माज्या लेकाला काय झालं तर तुझ्या माथी!"

मी कबूल केलेलं मोडलं ते तिथंच. गाल चोळत, त्यांचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. भोक, झाकण, चाक, खालून ठोकणारा. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. दीर पायरीवर बसला होता, मळवट पुसत, आणि विचारत होता, "काय झालं, वैनी?"

त्यानंतर सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. त्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. फक्त दिवाळीच्या सुमारास त्यांनी सुताराला बोलावून दिराच्या खोलीचं दार चौकटीतून काढून टाकलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाळवी लागल्ती." दार सागवानी होतं, वाळवीचा मागमूस नव्हता. आणि शेजारणीच्या घरी त्या पहिल्यांदाच आपणहून गेल्या. तिचा मुलगा उघड्यावर लढून धडधाकट परत आला होता. काय बोलल्या ठाऊक नाही.

पुढच्या नवरात्रात त्या मला म्हणाल्या, "चल तुळजापूरला. त्याला सांगू नगंस." आम्ही दोघीच गेलो. पिशवीतून त्यांनी वळलेला पोत काढला. मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाल्या, "औंदा म्या पाजळते. आई समजून घेईल."

पोत पेटला.  तेल मनगटावर ओघळलं, कातडी लाल झाली, फोड उठला. मी पुढं झाले तशा त्यांनी मान हलवली. ओठ दाबून त्या जाळाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या खालच्या पोराला आई हाय का गं?"

"माहीत नाही, आत्याबाई."

"असंल," त्या म्हणाल्या, आणि पोत जळून संपेपर्यंत त्यांनी तो हातातून सोडला नाही.