पल्याड काय हाय?

ज्याच्या एका प्रश्नामुळे मला आजही शांत झोप लागते, तो माणूस आमच्या चिंचवडच्या कारखान्यात टूल स्टोअरच्या खिडकीत बसायचा. मूळचा इथल्याच गावचा. कुणीही ड्रिल मागितला की तो आधी विचारी, "पल्याड काय हाय?" भोक आरपार पडल्यावर ड्रिल मशीनच्या टेबलात घुसू नये, म्हणून. उत्तर मिळेपर्यंत ड्रिल हातात देत नसे. तेव्हा मला त्याचा रागच यायचा.

पण गडी शिकारीतला जाणकार. त्या काळी शिकारीचा परवाना मिळायचा. वडिलांची पॉइंट थर्टीची रायफल माझ्या नावावर झाली, तेव्हा काडतूस कुठलं घ्यावं, हे मी त्यालाच विचारलं.

"हरणाला हलकी गोळी बास, सायेब. सांबराला जड घ्या, हलकी हाडावरच फुटती. पर जड गोळी सांबरात थांबंलच असं न्हाई. पल्याड काय हाय, ते बघा."

"डोंगरात काय असणार?" मी हसलो.

रविवारी खेडच्या पुढच्या रानात सांबर समोर आलं. जड काडतूस भरलेलं, बोट घोड्यावर. तेवढ्यात तो खिडकीतला प्रश्न आठवला. चिडूनच मी सांबराच्या मागे पाहिलं. झुडपांत एक बाई वाकून मोळी बांधत होती.

सोमवारी मी खिडकीशी जाऊन ड्रिल मागितला.

"पल्याड काय हाय?"

"बाई होती," मी म्हणालो.

त्याचा हात खणातच थांबला. "होती?"

"हाय," मी त्याच्याच बोलीत म्हणालो. "हाय, हाय."