कशेळ्याचा फासेवाला

बाळांनो, कशेळ्याच्या बाजारात एक फासेवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या मेणकापडावर सहा चित्रं होती: मुकुट, जहाजाचा लंगर आणि पत्त्यांचे चार रंग. लोक एखाद्या चित्रावर पैसे लावत, मग तो त्याच चित्रांचे तीन फासे डब्यात खुळखुळवून टाकायचा. टाकण्याआधी दर वेळी डबा कानाशी नेऊन ऐकायचा.

हा खेळ इंग्रज खलाशांनी बंदरोबंदरी नेला, असं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो खूश झाला. "म्हंजे गोरेबी हरले म्हना की, बाई!"

जुगार मला आवडत नसे, पण त्याच्याशी बोलायला मी थांबायचे.

एकदा पेरणीच्या तोंडावर एक शेतकरी सगळे पैसे हरला आणि त्याने भाताच्या बियाण्याची पिशवीच लंगरावर ठेवली. फासेवाल्याने डबा खाली ठेवला.

"बियानं उचल रं."

"घाबरलास व्हय?"

"व्हय, घाबरलो. जा, आधी पेर. पिकलं का ये, मंग हरवतो तुला."

सगळे हसले. शेतकरीही ओशाळून हसला आणि पिशवी खांद्यावर टाकून निघाला. दहा पावलांवर थांबून त्याने तिला कुठे भोक नाही ना, ते चाचपून पाहिलं.