आईच्या हाताला कळलेली लोकल

माझी धाकटी बहीण मुंबईला लोकल गाडी चालवते. तिला ही नोकरी लागली तेव्हा आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. "बाईमाणसानं गाडी हाकायची? आन् तीबी एवढी माणसं घिऊन?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. बंद पडलेलं बोलणं पुढं सुरू झालं, पण फोनवर फक्त जेवण आणि तब्येत. गाडीचा विषय दोघीही काढत नसत.

मग काचबिंदूनं आईची नजर गेली. सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत ती भिंतीला हात लावत फिरू लागली. एकदा मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होतो, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "ती गाडी असती तरी कशी रं?"

"आगगाडीसारखीच की."

"आगगाडी मला ठावं हाय. माहेरी, केमला, आमच्या रानाकडनंच जायाची. पर तिला पुढं इंजान असतंय. मग आपली पोरगी बसती कुटं?"

मला सांगता येईना. मी शाळेत चित्रकला शिकवतो. कागदावर काढून दाखवलं असतं, पण आता कागदाचा उपयोग नव्हता. मी बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या एसी लोकलची मापं पाठवली.

महिनाभर शाळा सुटल्यावर मी तेच करत बसायचो. खऱ्या गाडीतलं पन्नास फूट माझ्याकडं एक फूट. जाड पुठ्ठ्याचे तीन डबे केले. आईच्या बोटांना लागू नयेत म्हणून कडा पॉलिश पेपरनं घासल्या. दारं खाचेतून सरकतील अशी बसवली. छपरावर तारेतून वीज घेणारा सांगाडा सायकलच्या स्पोकचा केला आणि त्याखाली बॉलपेनची स्प्रिंग घातली. रंग द्यावा की नाही, हे मी बहिणीला विचारलं. "दे," ती म्हणाली. "तिला दिसत नाही म्हणून अर्धवट गाडी नको."

ती चार दिवसांची रजा घेऊन आली. सकाळी चहा झाल्यावर आम्ही गाडी आईच्या पलंगावर ठेवली. आईनं आधी दोन्ही हातांनी लांबी पाहिली. मग बोटं छपरावर गेली. सांगाडा दाबला, तो परत वर आला. ती दचकली आणि हसली. तिनं पुन्हा दाबला.

"इंजान कुटं हाय?"

"वेगळं नसतं, आई. यंत्रं डब्यांच्या खालीच असतात." बहिणीनं तिचा हात धरून गाडीच्या तोंडाशी नेला. "मी इथं बसते. ही समोरची काच."

आईचं बोट काचेच्या रिकाम्या चौकटीतून आत गेलं. "आन् संगं कोन असतंय?"

"इथं कुणी नाही. गार्ड मागच्या टोकाला. दारं तोच लावतो. सगळी लागल्याशिवाय गाडी सुटत नाही."

आईनं एक दार सरकवलं, मग दुसरं. प्रत्येक दार लावून फटीवरून बोट फिरवलं. "म्हंजी लोंबकळून कोन पडत न्हाय?"

"हिच्यातनं नाही."

तेव्हा कुठं मला कळलं, इतकी वर्षं तिला कशाची भीती होती. बहिणीलाही कळलं असावं. ती आईच्या पायाशी बसली होती, तिथंच तिनं मान खाली घातली.

आईचं बोट पुन्हा पुढच्या चौकटीत गेलं. "हितं कुनी बसलंच न्हाय की."

"माणूस करायचा राहिला," मी म्हणालो.

"मग कर की. शेपटा घाल हिचा. लांब हाय अजून?"

"कापला, आई. टोपीत मावत नव्हता."

आईनं हात पुढं केला आणि चाचपत तिच्या डोक्यावर ठेवला. आखूड केसांतून बोटं फिरवली, मानेपर्यंत. मला वाटलं, आता रागावणार. ती म्हणाली, "बरं केलंस. उन्हाळ्यात लई घाम येतोय मानंला."

दुपारी मी एमसील मळून बोटाच्या पेराएवढी बाई केली, आखूड केसांची. ती वाळेपर्यंत आईनं तीनदा विचारलं, झाली का.

आता शेजारणी आल्या की आई त्यांना पलंगाजवळ बोलावते, काचेमागची बाई दाखवते आणि सांगते, "ही आमची. पुढं एकलीच असती." बहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "आज किती फेऱ्या मारल्या गं?"