आम्ही रंगवलेला माठ

बाईंनी बाटली उंच धरली आणि माझ्या आईने ओंजळ पुढे केली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जुळले, पाठ आपोआप वाकली. साठी उलटलेली माझी आई. कांदिवलीच्या टॉवरमध्ये, लख्ख स्वयंपाकघरात.

आणि तिथेच ओट्यावर माठ होता. आम्ही रंगवलेला. कुंभाराकडून कोरा आणलेला, आईने गेरू लावलेला, मी चुन्याने वेल काढलेला. रस्त्याच्या कडेला मांडून विकतो आम्ही. लोक पाणी प्यायला नेतात. बाईंनीही नेला. आवडला, म्हणून बाल्कनीतला मोठा रांजण रंगवायला आम्हाला घरी बोलावलं.

सकाळपासून उन्हात बसलो होतो. बाई गोड बोलत होत्या. फोटो काढत होत्या. "मावशी, काय हात आहे हो तुमचा!" मग सहज विचारलं, "आडनाव काय गं तुमचं?"

मी सांगितलं.

"अच्छा." एवढंच. फोटो थांबले. बाल्कनीचं दार अर्धं लोटलं गेलं.

आईच्या घशाला कोरड पडली. मी आत जाऊन माठावरचं झाकण उचललं, तर बाई धावतच आल्या.

"अगं, त्यातलं नको! देवाला लागतं आमच्याकडे. थांब, बाटली देते."

हातात दिलीच नाही. आई मागून आली, तर तिला वरून ओतायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. बाईंवर नंतर. आधी त्या ओंजळीवर. गावात आई असंच पाणी प्यायची, हे तिच्याच तोंडून ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं. मानखुर्दला अर्धं आयुष्य काढलं, तरी हात विसरले नव्हते.

मी ते हात धरून खाली केले. पाणी फरशीवर सांडलं. ओट्यावरचा स्टीलचा पेला माठात बुडवला आणि आईला दिला.

"पी."

"असू दे ना पोरी. खाली जाऊन पिऊ."

"आई, पी."

तिने एकदा बाईंकडे पाहिलं. पण प्यायली. अख्खा पेला. मग मी प्यायले.

"आता हा माठ काय कामाचा माझ्या?" बाई किंचाळल्या. "घेऊन जा तो!"

"का? बाहेरून आमचा हात फिरला तेव्हा चालला. आत गेला की माठ बाटला? नेणार नाही. राहू दे इथेच."

रांजण अर्धवट सोडला. रंगाचे डबे उचलले, निघालो. लिफ्टमध्ये आई रडायला लागली. "कशाला तोंडी लागलीस त्यांच्या?"

मी तिची समजूत काढली नाही. मला रडायचं नव्हतं.

आता कुणी घरी बोलावलं की दारातच आडनाव सांगते. मग पाणी मागते. घरातले पितात तेच, त्यांच्याच भांड्यातून. आलं तर कुंचला काढते. नाही आलं तर उलट्या पावली परत.

"अशानं कोण बोलवील तुला?" आई म्हणते.

नाही बोलवलं तर नाही.